सीए-१२५ म्हणजे काय? गर्भाशयाचा कॅन्सर पसरलाय का, हे रक्तातून कळतं का?

आईचा लॅब रिपोर्ट पीडीएफमध्ये मोबाईलवर येतो, सीए-१२५ समोर ठळक आकडा दिसतो आणि आपण लगेच गूगल करतो. थांबा, आधी हा आकडा काय सांगतो ते बघूया.

सीए-१२५ म्हणजे काय?
पेशींच्या पृष्ठभागावरचं हे एक प्रथिन. त्याचा काही भाग सुटून रक्तात येतो. बहुतेक लॅब ३५ युनिट प्रति मिलि ही वरची मर्यादा धरतात.

डॉक्टर ही टेस्ट का सांगतात?
गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर बायोप्सीने ठरतो, रक्ताने नाही. पण निदान झाल्यावर, ऑपरेशनआधी सीए-१२५ बराच वाढलेला असेल, तर कॅन्सर गर्भाशयाबाहेर, म्हणजे लिम्फ नोड्समध्ये किंवा पोटात गेला असण्याची शक्यता वाढते. काही ठिकाणी एचई४ हा दुसरा मार्करही सोबत तपासतात. एमआरआय आणि बायोप्सीच्या जोडीला हा आकडा ऑपरेशन ठरवताना उपयोगी पडतो.

आकडा कधी फसवतो?
फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस, पोटाचा टीबी, गरोदरपण, इतकंच काय, पाळी चालू असतानाही तो वाढू शकतो. उलट, नॉर्मल आला तरी कॅन्सर पसरलेला असू शकतो. पक्कं उत्तर ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाच्या तपासणीतूनच मिळतं.

लक्षात ठेवा
पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त गेलं, थोडंसं का होईना, तर आधी स्वतःहून ही टेस्ट करत बसू नका. थेट स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.