कोविड-१९ महामारीचा थीम पार्क व रिसॉर्टवरील परिणाम

कोविड-१९ महामारीच्या काळात, म्हणजे प्रामुख्याने २०२० ते २०२२ या वर्षांत, जगभरातील थीम पार्क, मनोरंजन उद्याने आणि रिसॉर्ट दीर्घकाळ बंद राहिली किंवा कडक निर्बंधांखाली चालवली गेली. दाट गर्दी, लांब रांगा, अनेकांचा स्पर्श होणारी उपकरणे आणि दूरदूरच्या प्रदेशांतून एकत्र येणारे पर्यटक या वैशिष्ट्यांमुळे ही ठिकाणे संसर्गाच्या दृष्टीने जोखमीची मानली गेली. दुसरीकडे, त्यांच्यावर लाखो लोकांचा रोजगार आणि अनेक शहरांची अर्थव्यवस्था अवलंबून होती. त्यामुळे ती केव्हा, किती क्षमतेने आणि कोणत्या अटींवर उघडावीत हा प्रश्न अनेक देशांत सार्वजनिक वादाचा विषय ठरला.

पार्श्वभूमी

मनोरंजन उद्यानांतून साथ पसरण्याची उदाहरणे कोविडपूर्वीही नोंदली गेली होती. डिसेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील डिस्नीलँड येथे गेलेल्या पर्यटकांमध्ये गोवराचा संसर्ग आढळला आणि तो अमेरिकेतील इतर राज्यांत तसेच शेजारील देशांत पोहोचला. बाधितांपैकी अनेकांनी गोवराची लस घेतलेली नव्हती. या उद्रेकानंतर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाने शालेय मुलांच्या लसीकरणातून वैयक्तिक श्रद्धेच्या कारणावरून मिळणारी सूट कायद्याने रद्द केली. पर्यटक काही दिवसांत आपापल्या गावी परततात, त्यामुळे संसर्गाचा माग काढणे अवघड होते, ही बाब या घटनेतून स्पष्ट झाली होती.

बंदीचा काळ

चीनमध्ये संसर्ग वाढू लागल्यावर शांघाय डिस्नीलँड २५ जानेवारी २०२० रोजी, म्हणजे चिनी नववर्षाच्या दिवसापासून, बंद करण्यात आले. दुसऱ्या दिवशी हाँगकाँग डिस्नीलँड बंद झाले. टोकियोतील दोन्ही डिस्नी उद्याने २९ फेब्रुवारीपासून बंद झाली. ११ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महामारी असल्याचे जाहीर केले. त्यानंतर कॅलिफोर्नियातील डिस्नीलँड १४ मार्चपासून आणि फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १६ मार्चपासून बंद झाले. पॅरिसचे उद्यानही याच सुमारास बंद झाले. अशा रीतीने जगातील डिस्नीची सर्व सहाही उद्यानस्थळे एकाच वेळी बंद राहिली.

रिसॉर्टमधील परिस्थिती काहीशी वेगळी होती, कारण तेथे पाहुणे मुक्कामाला असतात. फेब्रुवारी २०२० मध्ये स्पेनच्या तेनेरीफ बेटावरील एका हॉटेलात एक पाहुणा बाधित आढळल्यावर सुमारे एक हजार पाहुणे व कर्मचारी यांना तेथेच विलगीकरणात ठेवण्यात आले. मार्च २०२० मध्ये ऑस्ट्रियातील इश्ग्ल या बर्फक्रीडा पर्यटनस्थळातून परतलेल्या पर्यटकांमार्फत युरोपातील अनेक देशांत संसर्ग पोहोचला. बंदिस्त मद्यगृहे आणि हंगामातील गर्दी ही त्यामागची प्रमुख कारणे मानली गेली.

पुन्हा उघडण्याचा क्रम

प्रत्येक देशाची धोरणे वेगळी असल्याने उद्याने एकाच वेळी उघडली नाहीत. काही ठिकाणी ती उघडून पुन्हा बंद करावी लागली.

- शांघाय: ११ मे २०२० रोजी उघडले. शासनाने एकूण क्षमतेच्या ३० टक्के, म्हणजे दिवसाला सुमारे २४,००० पर्यटकांची मर्यादा घातली होती.
- हाँगकाँग: १८ जून २०२० रोजी उघडले, परंतु १५ जुलैला पुन्हा बंद झाले. २५ सप्टेंबरला उघडून २ डिसेंबरला तिसऱ्यांदा, तर जानेवारी २०२२ मध्ये चौथ्यांदा बंद झाले.
- टोकियो: १ जुलै २०२० रोजी उघडले. २०२१ मधील आणीबाणीच्या काळात प्रत्येक उद्यानात दिवसाला ५,००० पर्यटकांची मर्यादा काही काळ लागू होती.
- फ्लोरिडा: युनिव्हर्सल ऑरलँडो ५ जून २०२० रोजी, तर वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील चार उद्याने ११ व १५ जुलै रोजी उघडली.
- पॅरिस: १५ जुलै २०२० रोजी उघडले. ऑक्टोबरअखेर पुन्हा बंद होऊन ते १७ जून २०२१ रोजी उघडले.
- कॅलिफोर्निया: डिस्नीलँड ३० एप्रिल २०२१ रोजी, म्हणजे तेरा महिन्यांहून अधिक काळानंतर उघडले.

युरोपात नेदरलँड्समधील एफ्टेलिंग २० मे २०२० रोजी आणि जर्मनीतील युरोपा-पार्क २९ मे २०२० रोजी उघडले. याउलट, दैनंदिन व्यवहारांवर तुलनेने सौम्य निर्बंध घालणाऱ्या स्वीडनमध्ये सार्वजनिक कार्यक्रमांतील उपस्थितीवरील मर्यादेमुळे लिसेबर्ग हे उद्यान २०२० च्या संपूर्ण हंगामात बंद राहिले.

फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया

एकाच देशातील या दोन राज्यांनी घेतलेल्या परस्परविरुद्ध भूमिका वारंवार तुलनेत आणल्या गेल्या. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १२ जुलै २०२० रोजी, फ्लोरिडात एका दिवसात १५,००० हून अधिक नवे बाधित नोंदवले गेले. तोपर्यंत अमेरिकेतील कोणत्याही राज्यात एका दिवसात झालेली ही सर्वाधिक नोंद होती. तरीही उद्याने मर्यादित क्षमतेने सुरू ठेवण्यात आली.

कॅलिफोर्नियात डिस्नीलँडने १७ जुलै २०२० ही आपल्या ६५ व्या वर्धापनदिनाची तारीख पुन्हा उघडण्यासाठी निश्चित केली होती. मात्र राज्याची मार्गदर्शक तत्त्वे तयार नसल्याने ती पुढे ढकलावी लागली. ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर झालेल्या नियमांनुसार मोठ्या उद्यानांना केवळ अत्यल्प संसर्ग असलेल्या परगण्यांत, २५ टक्के क्षमतेने परवानगी मिळणार होती. उद्यान उद्योगाने या अटीस तीव्र विरोध केला. मार्च २०२१ मध्ये नियम शिथिल झाल्यावर डिस्नीलँड उघडले, तेव्हा सुरुवातीला केवळ राज्यातील रहिवाशांनाच प्रवेश होता. इतर राज्यांतील पर्यटकांना १५ जून २०२१ पासून प्रवेश मिळू लागला.

पर्यटकांसाठीचे नियम

पुन्हा उघडलेल्या उद्यानांतील भेटीचे स्वरूप पूर्वीपेक्षा बरेच बदलले. बहुतेक ठिकाणी पुढील उपाय कमी-अधिक प्रमाणात लागू होते:

- तिकिटाबरोबर विशिष्ट दिवसाचे आगाऊ आरक्षण
- प्रवेशद्वारावर शरीराच्या तापमानाची तपासणी
- मास्कचा सक्तीचा वापर. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये हा नियम दोन वर्षांवरील सर्वांना लागू होता
- रांगांमध्ये जमिनीवरील खुणांनुसार अंतर राखणे आणि राइडमध्ये रिकाम्या जागा सोडून बसणे
- रोख पैशांऐवजी मोबाईल किंवा कार्डद्वारे व्यवहार
- मिरवणुका, आतषबाजी आणि कार्टून पात्रांशी गळाभेट यांवर स्थगिती

नियमांतील पळवाटा लक्षात येताच त्यांत सुधारणा केल्या जात. खाता-पिताना मास्क काढण्याची मुभा होती. तिचा उपयोग करून काही पर्यटक हातात पेय घेऊन मास्कविना फिरत. त्यामुळे जुलै २०२० मध्ये वॉल्ट डिस्ने वर्ल्डने एका जागी थांबूनच खाणे-पिणे करण्याची अट घातली. एका ठिकाणी गर्दी जमू नये म्हणून ठरावीक वेळेच्या मिरवणुकीऐवजी पात्रांचे छोटे ताफे पूर्वसूचनेविना मार्गावरून नेले जात.

जपानमध्ये उद्यानांच्या संघटनांनी तयार केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत राइडवर आरडाओरडा टाळावा असे सुचवले होते, कारण मोठ्याने ओरडताना तोंडातून अधिक तुषार बाहेर पडतात. फुजी-क्यू हायलँड या उद्यानाने आपले दोन अधिकारी मास्क लावून, चेहऱ्यावर कोणताही भाव न आणता रोलर कोस्टरवर बसल्याची चित्रफीत प्रसारित केली. मनातल्या मनात ओरडावे, असे आवाहन तिच्या शेवटी होते. ही चित्रफीत जगभर लोकप्रिय झाली.

कर्मचारी व रोजगार

सप्टेंबर २०२० मध्ये डिस्नीने उद्यान व संबंधित विभागांतील सुमारे २८,००० कर्मचाऱ्यांची कपात जाहीर केली. त्यांपैकी सुमारे ६७ टक्के अर्धवेळ कर्मचारी होते. नोव्हेंबरमध्ये हा आकडा ३२,००० पर्यंत वाढवण्यात आला. कामावर परतलेल्यांसमोर सुरक्षिततेचा प्रश्न होता. ॲक्टर्स इक्विटी असोसिएशन या कलाकारांच्या संघटनेने, रंगमंचावर मास्क वापरता येत नसल्याने कलाकारांची नियमित चाचणी व्हावी अशी मागणी केली. या वादामुळे वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील तिचे सदस्य उद्यान उघडल्यावर लगेच कामावर परतू शकले नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये याबाबत समझोता झाला.

आर्थिक परिणाम

थीम्ड एंटरटेनमेंट असोसिएशन आणि एईकॉम यांच्या वार्षिक अहवालानुसार, जगातील सर्वाधिक गर्दीच्या २५ उद्यानांतील पर्यटकांची संख्या २०१९ मध्ये सुमारे २५ कोटी होती. २०२० मध्ये ती सुमारे ६७ टक्क्यांनी घटून ८.३ कोटींवर आली. फ्लोरिडातील मॅजिक किंगडम या उद्यानाची संख्या सुमारे २ कोटी १० लाखांवरून ७० लाखांच्याही खाली गेली. डिस्नीच्या अंदाजानुसार २०२० या आर्थिक वर्षात उद्याने व संबंधित विभागाच्या परिचालन नफ्यावर सुमारे ६.९ अब्ज डॉलरचा प्रतिकूल परिणाम झाला.

इतर उपयोग

बंद किंवा कमी वापरात असलेल्या जागांचा काही ठिकाणी वेगळा उपयोग झाला. वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या परिसरात जुलै ते ऑक्टोबर २०२० दरम्यान अमेरिकेतील राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचा हंगाम बाहेरील संपर्क तोडून पूर्ण करण्यात आला. त्यात २२ संघ सहभागी झाले होते. संरक्षित बुडबुड्यासारख्या या व्यवस्थेला ‘बबल’ असे नाव पडले. जानेवारी २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील डिस्नीलँडच्या वाहनतळावर सामूहिक लसीकरण केंद्र सुरू झाले, तर एप्रिल २०२१ मध्ये पॅरिसच्या उद्यानातील हॉटेलच्या परिषद केंद्रात अशीच सोय करण्यात आली. हाँगकाँगमध्ये डिस्नीलँडच्या विस्तारासाठी राखून ठेवलेल्या पेनीज बे येथील जमिनीवर शासनाने विलगीकरण केंद्र उभारले.

भारतातील स्थिती

मार्च २०२० मधील टाळेबंदीत भारतातील सर्व मनोरंजन उद्याने बंद झाली. केंद्रीय गृह मंत्रालयाने प्रतिबंधित क्षेत्रांबाहेरील उद्यानांना १५ ऑक्टोबर २०२० पासून परवानगी दिली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार जलतरण तलाव बंद ठेवायचे होते, तर जलउद्यानांतील पाण्याचे नियमित गाळण व क्लोरिनीकरण करणे आवश्यक होते. ६५ वर्षांवरील व्यक्ती, गर्भवती स्त्रिया, सहव्याधी असलेल्या व्यक्ती आणि दहा वर्षांखालील मुले यांना सावधगिरीचा सल्ला देण्यात आला होता. त्यामुळे या उद्यानांचा मुख्य ग्राहक असलेली मुलेच जोखमीच्या गटात गणली गेली. शाळा बंद असल्याने शालेय सहलींतून मिळणारे उत्पन्नही थांबले.

अंतिम निर्णय राज्यांकडे होता. महाराष्ट्रात दुसऱ्या लाटेनंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये मनोरंजन उद्याने खुली करण्यास परवानगी मिळाली. मात्र पाण्यातील खेळांना सुरुवातीस मुभा नव्हती. ओमायक्रॉन प्रकाराच्या लाटेत १० जानेवारी २०२२ पासून राज्यातील उद्याने पुन्हा काही आठवडे बंद राहिली. खोपोलीजवळील इमॅजिका हे उद्यान महामारीपूर्वीच कर्जाच्या ओझ्याखाली होते. २०२२ मध्ये त्याचे नियंत्रण संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले.

रिसॉर्ट व हॉटेले तुलनेने लवकर उघडली. गोव्याने २ जुलै २०२० पासून नोंदणीकृत हॉटेलांत देशांतर्गत पर्यटकांना परवानगी दिली. महाराष्ट्रात प्रतिबंधित क्षेत्रांबाहेरील निवासी हॉटेले ८ जुलैपासून ३३ टक्के क्षमतेने सुरू झाली. मालदीवमध्ये बहुतेक रिसॉर्ट स्वतंत्र बेटांवर असल्याने नैसर्गिक विलगीकरण साधते. या कारणाने तेथील पर्यटन १५ जुलै २०२० रोजीच खुले झाले आणि भारतीय पर्यटक मोठ्या संख्येने तेथे गेले. दुसऱ्या लाटेत मे २०२१ मध्ये मालदीवने दक्षिण आशियातील पर्यटकांचा प्रवेश तात्पुरता थांबवला.

शांघायमधील घटना

चीनच्या शून्य-कोविड धोरणाचा परिणाम तेथील उद्यानांवर सर्वाधिक काळ राहिला. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी शांघाय डिस्नीलँडला भेट देऊन गेलेली एक व्यक्ती बाधित आढळताच उद्यानाची दारे बंद करण्यात आली. आत असलेल्या ३०,००० हून अधिक लोकांची चाचणी झाल्यानंतरच त्यांना बाहेर सोडण्यात आले. बरोबर एक वर्षानंतर, ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी, याच प्रकारची घटना पुन्हा घडली. उद्यान अखेर ८ डिसेंबर २०२२ पासून नियमित सुरू झाले.

मूल्यमापन व दीर्घकालीन बदल

उद्याने उघडण्याच्या समर्थकांनी मोकळी हवा, नियंत्रित प्रवेश आणि मास्कची काटेकोर अंमलबजावणी यांवर भर दिला. फ्लोरिडातील उद्यानांशी थेट जोडलेला मोठा उद्रेक पुढे आला नाही, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. टीकाकारांच्या मते, पर्यटक दूरच्या प्रदेशांत परतत असल्याने संसर्गाचा माग लावणेच कठीण होते. त्यामुळे नोंद नसणे हा सुरक्षिततेचा पुरावा मानता येत नाही. शिवाय धोका केवळ उद्यानापुरता नसून प्रवास, हॉटेल व उपाहारगृहे यांतूनही उद्भवतो, असा त्यांचा आक्षेप होता.

मास्क व अंतराचे नियम २०२२ पर्यंत बहुतेक देशांत मागे घेण्यात आले. मोबाईलवरून खाद्यपदार्थांची मागणी आणि रोखीविना व्यवहार मात्र रूढ झाले. आगाऊ आरक्षणाची पद्धत अनेक ठिकाणी गर्दी-नियंत्रणाचे साधन म्हणून टिकली; वॉल्ट डिस्ने वर्ल्डने दिनांकित तिकिटांसाठी ही अट जानेवारी २०२४ मध्ये काढून टाकली.

हेही पाहा

- कोविड-१९ महामारी
- डिस्नीलँड
- मनोरंजन उद्यान
- महाराष्ट्रातील पर्यटन