उजरत आणि बख्शिश

हॉटेलात जेवण आटोपते, बडीशेपेच्या बशीतून बिल येते आणि आपण सुट्ट्या पैशांकडे बघत क्षणभर थांबतो. किती ठेवावे? दहा ठेवले तर कमी वाटतात, पन्नास ठेवले तर खिशाला जाणवतात. शेजारी उभा असलेला पोरगा दुसरीकडे पाहण्याचे नाटक करतो. एखाद्या ठिकाणी भिंतीवर 'टिप देऊ नये' अशी पाटी असते. ती वाचून आपल्याला सुटल्यासारखे वाटते. मालक सुधारलेला दिसतो, असेही आपण म्हणतो. पण पाटी लावली त्या महिन्यात त्या पोराचा पगार किती वाढला, हे आपण कधीच विचारत नाही.

आपल्या घरांतल्या बोलीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. एक उजरत, दुसरा बख्शिश. उजरत म्हणजे ठरलेल्या कामाचा ठरलेला मोबदला. बख्शिश म्हणजे देणाऱ्याची मर्जी. फारसीत ज्या क्रियापदापासून हा शब्द आला, त्याचा अर्थ देणे असा आहे, तसाच माफ करणे असाही आहे. म्हणजे बख्शिश नेहमी वरून खाली येते. उजरत हक्काने मागता येते, बख्शिशीची वाट पाहावी लागते. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याला मजुरी द्या, अशी शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती उजरतीविषयी आहे. दिवाळीची पोस्त असो की ईदी, ती पगाराच्या वर असते तोवर गोड असते. तीच पगाराच्या जागी येऊन बसली की काय होते, हे पाहायचे तर अमेरिकेतल्या रेल्वेचा इतिहास चाळावा लागतो.

अमेरिकेत 1865 मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. 1867 मध्ये शिकागोच्या जॉर्ज पुलमन यांनी आपली कंपनी उभी केली. लांबच्या प्रवासासाठी झोपण्याची सोय असलेले आलिशान डबे ही कंपनी चालवी. त्या डब्यांत उतारूंच्या सेवेला पोर्टर म्हणून कृष्णवर्णीय माणसे नेमली गेली. त्यांतली सुरुवातीची पुष्कळशी काल-परवापर्यंत गुलाम होती. बिछाना घालायचा, सामान उचलायचे, रात्री उतारूंचे बूट पुसून ठेवायचे, पहाटे त्यांना उठवायचे, ही त्यांची कामे. बुटांचे पॉलिश मात्र पोर्टरने स्वतःच्या पैशाने आणायचे. जेवणही पदरचे. उतारू त्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाक मारीत. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखण्याची जुनी रीत अशी रेल्वेच्या डब्यात शाबूत राहिली.

पगार तुटपुंजा होता, कारण उरलेले उतारू देतील असा कंपनीचा हिशेब होता. 1915 मध्ये औद्योगिक संबंधांच्या सरकारी आयोगापुढे हा हिशेब उघडा पडला. पोर्टरला महिन्याला साडेसत्तावीस डॉलर मिळत होते. आयोगापुढे कंपनीच्या वतीने साक्ष द्यायला आले रॉबर्ट टॉड लिंकन. 1897 ते 1911 या काळात ते कंपनीचे अध्यक्ष होते. गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढणाऱ्या अब्राहम लिंकन यांचे ते चिरंजीव! बापाने माणसाला विक्रीतून सोडवले आणि मुलाच्या कंपनीने त्याला टिपेवर जगायला लावले. इतिहासात असेही घडते.

त्याच काळात अमेरिकेत टिपेविरुद्ध मोठी ओरड चालू होती. टिप ही सरंजामी युरोपातली चाल आहे, लोकशाहीतल्या नागरिकाला ती शोभत नाही, असे म्हटले जाई. 1909 मध्ये वॉशिंग्टन राज्याने टिपेवर बंदी घातली. पुढच्या सहा वर्षांत मिसिसिपी, आर्कान्सा, आयोवा, साउथ कॅरोलिना आणि टेनेसी या राज्यांनीही तसे कायदे केले. 1926 पर्यंत हे सगळे कायदे गेले. आम्हाला यात नवल वाटत नाही. या कायद्यांनी देणाऱ्याचा हात धरला, घेणाऱ्याचा हात पसरलेला ठेवला. मालकाने पगार किती द्यावा, याला त्यांनी हात घातलाच नाही.

खरा प्रश्न पोर्टरांनीच विचारला. 1894 च्या पुलमन संपाच्या वेळी गोऱ्या रेल्वे कामगारांच्या संघटनेने कृष्णवर्णीयांना सभासद करून घेतले नव्हते. तेव्हा 25 ऑगस्ट 1925 रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात पोर्टरांनी आपली वेगळी संघटना काढली. ए. फिलिप रँडॉल्फ तिचे अध्यक्ष झाले. रँडॉल्फ स्वतः पोर्टर नव्हते, म्हणून कंपनी त्यांना नोकरीवरून काढू शकत नव्हती. संघटनेचे म्हणणे सरळ होते. आम्हाला उतारूंची मेहेरबानी नको, जगण्यापुरते वेतन हवे, आणि कामाच्या तासांना मर्यादा हवी. कंपनीने हेर सोडले, माणसे काढली. बारा वर्षे झगडा चालला. 1937 मध्ये कंपनीने करारावर सही केली. महिन्याचे काम जवळजवळ चारशे तासांवरून दोनशे चाळीस तासांवर आले आणि पगारात एकूण साडेबारा लाख डॉलरची वाढ झाली.

याच वर्षांत आपल्याकडे काय चालले होते? 1928 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे बिल मांडले. महारांकडून सरकार रात्रंदिवस काम घेते, पण मोबदल्याचा मोठा भाग बलुत्याच्या रूपाने गावकऱ्यांच्या मर्जीवर सोडते, हे त्यांचे दुखणे होते. बलुते धान्याच्या भिकेऐवजी ठरलेल्या रोख रकमेत मिळावे, असा त्यांचा आग्रह होता. ते बिल पार पडले नाही. कनिष्ठ वतने रद्द व्हायला 1958 चा कायदा यावा लागला. आमच्यातल्या मुलाण्यांच्या घरांतही बलुत्याच्या आठवणी आहेत. खळ्यावर उभे राहून कुणाची सुपली भरून येते आणि कुणाची रिकामी, याची वाट पाहणे काय असते, ते त्यांना वेगळे सांगायला नको. आंबेडकर आणि रँडॉल्फ दोन खंडांत एकच गोष्ट मांडत होते. काम एकाचे आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर, हा व्यवहार माणसाला नोकर नव्हे, याचक बनवतो.

अमेरिकन कायद्याने हा धडा अर्धाच घेतला. 1938 मध्ये किमान वेतनाचा कायदा झाला, पण हॉटेल-उपाहारगृहांतले कामगार त्यातून वगळले गेले. 1942 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्थानकावरच्या हमालांच्या खटल्यात टिपा किमान वेतनात धरता येतात, असा निकाल दिला. 1966 मध्ये हॉटेल कामगार कायद्यात आले खरे, पण त्यांचे अर्धे किमान वेतन टिपांतून वळते करून घेण्याची मुभा मालकांना मिळाली. 1991 पासून टिप घेणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचे राष्ट्रीय किमान वेतन तासाला 2.13 डॉलर आहे. टिपा कमी पडल्या तर मालकाने भर घालावी, असे कायदा सांगतो. पण आपल्याच मालकाकडे ती मागायला जाणार कोण? कॅलिफोर्नियासह सात राज्यांनी मात्र ही सवलत ठेवलेली नाही. तिथे टिप खरोखरच पगाराच्या वर असते.

टिपेची माणसाला काय सवय लागते, हे माल्कम एक्स यांनी सांगून ठेवले आहे. पुढे हज करून अल-हाज मलिक अल-शबाज झालेला हा माणूस तरुणपणी बॉस्टनच्या एका नाचघरात बूट पुसत असे आणि रेल्वेत खाद्यपदार्थ विकत असे. बूट पुसताना फडक्याचा फटाक्यासारखा आवाज काढला की टिप वाढते, हे तो तिथे शिकला. फडक्याच्या आवाजाने बूट जास्त चमकत नव्हते. पैसे कामाचे नव्हते, नाटकाचे होते.

मग टिप बंद करणे हाच उपाय आहे का? 2015 मध्ये न्यूयॉर्कचे हॉटेलमालक डॅनी मायर यांनी आपल्या उपाहारगृहांत टिप बंद केली. पाटी लावून ते थांबले नाहीत. पदार्थांचे दर वाढवून त्यांनी पगार वाढवले. भटारखान्यातल्या माणसांना त्याचा फायदा झाला. वाढणाऱ्यांपैकी अनेकांची कमाई मात्र घटली आणि ते दुसरीकडे गेले. गिऱ्हाइकाला शेजारच्या हॉटेलचे दर स्वस्त दिसत. 2020 मध्ये महामारीच्या दिवसांत त्यांनी टिप पुन्हा सुरू केली. एकट्या मालकाची चांगली इच्छा पुरत नाही, नियम सगळ्यांना सारखा हवा, एवढे यातून कळते.

आणि मालकाची इच्छाच नसेल तर? अॅमेझॉन कंपनीने घरपोच माल देणाऱ्या चालकांना गिऱ्हाइकांनी दिलेल्या टिपा त्यांच्याच कबूल केलेल्या मोबदल्यात जिरवल्या होत्या. 2021 मध्ये अमेरिकन सरकारशी तडजोड करून कंपनीला 6 कोटी 17 लाख डॉलर मोजावे लागले. पुलमनचा हिशेब मोबाइलमध्ये शिरला, एवढाच फरक. आपल्याकडे बिलात आपोआप लावल्या जाणाऱ्या सेवाशुल्काला 2022 मध्ये ग्राहक प्राधिकरणाने मनाई केली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने चांगले झाले. पण त्या साऱ्या चर्चेत ताट उचलणाऱ्या पोराच्या पगाराविषयी आम्हाला फारसे काही ऐकू आले नाही.

म्हणून टिप देऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. ज्याचा संसार त्यावर चालतो, त्याच्या हातातून ती आज काढून घेणे हा तत्त्वाच्या नावाखालचा कंजूषपणा होईल. बशीत ठेवायचे ते ठेवावे. फक्त ते ठेवले म्हणून आपण त्याचे देणे फेडले, असे समजू नये. आपल्यातलेही पुष्कळजण हॉटेले चालवतात, दुकाने चालवतात, घरात माणसे कामाला ठेवतात. रमजानमध्ये त्यांना सढळ हाताने देतात. त्याच माणसांचा महिन्याचा पगार किती आहे, तो कोणत्या तारखेला मिळतो, सुट्टी किती मिळते, याचा हिशेब आधी मांडावा. उजरत पुरी दिल्यावर जी हातातून सुटेल, ती खरी बख्शिश. त्याआधीची सगळी रक्कम आपल्याकडे त्याची थकबाकी आहे.