दर्यावरचे पोस्त

आमच्या लहानपणी नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आटोपून आम्ही फराळाला बसलो, की ताटे रिकामी होण्याच्या आतच दारावर पहिली थाप पडे. पोस्टमन आलेला असे. त्याच्या पाठोपाठ दूधवाला, परीट, गल्ली झाडणारा अशी रीघ लागे. वडील ओटीवर बसत. आई पंचांगाच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलेली यादी पाहून आतून एकेकाचे नाव सांगे आणि वडील ठरलेले नाणे ज्याच्या त्याच्या हातावर ठेवीत. हे दिवाळीचे पोस्त. नाणे जसे ठरलेले, तसे देताना चार शब्द बोलायचे हेही ठरलेले. एका वर्षी वडील तापाने अंथरुणावर पडले. काकांनी सगळ्यांचे पोस्त एकत्र करून पोस्टमनच्या हवाली केले आणि "वाटून घ्या" असे सांगितले. पैसे प्रत्येकाला पोचले. तरी दुसऱ्या दिवशी परीट येऊन वडिलांच्या खाटेशी उभा राहिलाच. म्हणाला, "पैसे मिळाले हो, पण भेट नाही झाली."

हा परीट मला तीन वर्षांपूर्वी आठवला, तो थेट कॅरिबियन समुद्रात! मुलगा अमेरिकेत असतो. त्याने आम्हा उभयतांना मायामीहून निघणाऱ्या एका अवाढव्य बोटीवर सात रात्रींची सहल घडवली. आमच्या केबिनची व्यवस्था पाहणारा तरुण पहिल्याच सकाळी आमचे बोलणे ऐकून मराठीत म्हणाला, "काका, तुम्ही मुंबईचे का?" तो मूळचा गोव्यातल्या साष्टीचा, पण वाढलेला मुंबईत. सातासमुद्रांपलीकडे असे कुणी भेटल्यावर काय होते, ते वाचकांना सांगायला नकोच. आमच्या सौभाग्यवतींनी शेवटच्या रात्रीसाठी चार पाकिटे भरून ठेवली. त्यांतले सर्वांत जाड पाकीट त्याचे होते.

आणि मग बिल पाहिले. त्यात एक रकम होती : ग्रॅच्युइटी, माणशी रोज 16 डॉलर. दोघांचे सात रात्रींचे 224 डॉलर आमच्या खात्यावर आपोआप पडले होते. मुलगा म्हणाला, "बाबा, ते परस्पर कापून घेतात. वेगळं द्यायची गरज नाही." मी खुलासा विचारायला चौकशीच्या खिडकीशी गेलो, तर माझ्यापुढचे गृहस्थ ती सगळी रकम काढून टाकायला सांगत होते. "ज्याला द्यायचे त्याला मी माझ्या हाताने देईन," असे त्यांचे म्हणणे. कारकून हसला आणि त्याने मुकाट्याने रकम वजा केली. मी मात्र घोटाळ्यात पडलो. त्या गृहस्थांचे बोलणे तर थेट आमच्या परटाचे होते. मग मला ते खटकले का? या प्रश्नाने घरी आल्यावरही पाठ सोडली नाही, म्हणून थोडे वाचन केले. त्यातून जे हाती लागले ते पुढे ठेवतो.

बक्षिसीची चाल जुनीच. 'बक्षीस' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फ्रेंच आणि जर्मन लोक तिला पेयाचे पैसे म्हणतात, आणि आपण चहापाणी म्हणतो. पेय बदलले, भाव तोच. इंग्लंडात अठराव्या शतकात पाहुण्याने निरोप घेताना यजमानाच्या नोकरांना पैसे द्यायची चाल होती. तिला 'व्हेल्स' म्हणत. नोकर दाराशी रांग धरून उभे राहत आणि पाहुण्याचा खिसा हलका होई. जोनास हॅनवे नावाच्या गृहस्थाने 1760 मध्ये या चालीविरुद्ध पत्रांचे एक पुस्तकच छापले. काही घरंदाज मंडळींनी व्हेल्स बंद करायचे ठरवले, तेव्हा 1764 साली लंडनमध्ये नोकरांनी दंगल केली. वरवर पाहता हा लोभीपणा वाटेल. पण या पैशांवर नजर ठेवूनच मालकांनी पगार बेताचा ठेवलेला होता. पाहुण्याचा हात आखडला की नोकराचा पगारच कापला जाई.

हीच रीत पुढे आगबोटींवर चढली. बोटीवर वेटर आणि केबिन सांभाळणारे स्टुअर्ड यांचे वेतन मुळातच तुटपुंजे असे. 1912 साली बुडालेल्या 'टायटॅनिक'वर भोजनगृहातल्या स्टुअर्डला महिना पावणेचार पौंड मिळत. बाकीची भरपाई प्रवाशांनी उतरताना करावी, असा अलिखित करार होता. तो इतका रूढ झाला, की एमिली पोस्ट या अमेरिकन बाईंनी 1922 साली शिष्टाचारावर पुस्तक लिहिले, त्यात बोटीवर कोणत्या स्टुअर्डला किती द्यावे याचे दरही दिले. दर छापून आल्यावर ती बक्षिसी कसली? पण तसे म्हणायचे कुणी? 'टायटॅनिक' बुडाली त्या दिवशीच तिच्यावरच्या नोकरांचा पगारही थांबला, कारण त्या काळच्या कायद्याप्रमाणे बोट संपली की चाकरी संपत असे. ज्यांचे बक्षीस उतरण्याच्या दिवशी मिळायचे होते, त्यांच्या हाती तेही पडले नाही.

या कथेत आपली माणसे पहिल्यापासून आहेत. सुवेझचा कालवा 1869 मध्ये खुला झाला आणि मुंबई-विलायत वाहतूक वाढली. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर डेकवर राबणाऱ्या खलाशांत आपल्या कोकणातले लोक असत आणि भोजनगृहात व केबिनींत गोव्याचे स्टुअर्ड असत. हे गोवेकर मुंबईत धोबीतलाव भागातल्या 'कुडां'त राहत. कूड म्हणजे एकेका गावाने आपल्या लोकांसाठी चालवलेली बिऱ्हाडाची जागा. भिंतीशी ओळीने पेट्या, कोपऱ्यात गावच्या संताची तसबीर, आणि पुढच्या बोटीची वाट पाहणारी माणसे. हिंदी खलाशाला गोऱ्या खलाशाच्या वेतनाचा तिसरा-चौथा हिस्साच मिळे. मग स्टुअर्डच्या घरी जी मनीऑर्डर जाई तीत बक्षिसीचे मोल किती असेल, याचा हिशेब करायला गणिती लागत नाही.

अमेरिकेत या चालीविरुद्ध मोठे काहूर उठले. स्वतंत्र नागरिकाने दुसऱ्यापुढे हात पसरावा हे लोकशाहीला शोभत नाही, असे सुधारकांचे म्हणणे. वॉशिंग्टन राज्याने 1909 मध्ये बक्षिसी बंद करणारा कायदा केला. आणखी काही राज्यांनीही तसे केले. पण 1926 पर्यंत हे सारे कायदे रद्द झाले, कारण कायद्याने देणाऱ्याचा हात धरला, पण मालकाला पगार वाढवायला लावले नाही. रेल्वेच्या पुलमन डब्यांतले कृष्णवर्णीय पोर्टर मात्र दुसऱ्या वाटेने गेले. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढाराखाली 1925 मध्ये त्यांनी संघटना बांधली आणि बारा वर्षे झगडून 1937 मध्ये कंपनीशी वेतनाचा करार केला. त्यांनी बक्षिसीला नावे ठेवत बसण्यापेक्षा पगारच मागितला.

हे वाचताना मला आपल्याकडचीच एक गोष्ट आठवली. महार वतनदारांना चाकरी करावी लागे सरकारची, आणि पोटाला मिळे ते मुख्यतः गावकऱ्यांकडून बलुते म्हणून. मागायला दारोदार जायचे ते वेगळेच. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात यासंबंधी विधेयक मांडले. पुढे 1958 च्या कायद्याने अशी वतने नाहीशी झाली. बोटीवरची चाकरी आणि जातीने लादलेली चाकरी यांची तुलना करू नये हे मला कळते. बोटीवरचा मुलगा आपल्या इच्छेने जातो आणि इच्छेने परत येतो. पण काम एकाचे करायचे आणि मोबदल्यासाठी तोंड दुसऱ्याचे पाहायचे, या व्यवस्थेत माणसाची मान कशी खाली राहते, ते त्या इतिहासाने आपल्याला शिकवलेले आहे.

आता पुन्हा बोटीकडे वळू. विमाने आल्यावर प्रवासाच्या बोटी मागे पडल्या आणि 1966 च्या सुमारास मायामीहून नुसत्या सहलीच्या बोटी निघू लागल्या. त्यांचे धनी बहुधा अमेरिकेतले, पण निशाण पनामा, बहामा नाही तर लायबेरियाचे. त्यामुळे अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा त्यांना लागू नाही. नोकर हिंदुस्थान, फिलिपीन्स, इंडोनेशिया अशा देशांतले. बक्षिसीची चाल जुनीच राहिली. सातही रात्री तेच टेबल, तोच वेटर, आणि शेवटच्या रात्री पाकिटे. काही बिलंदर प्रवासी नेमके त्या रात्री जेवायलाच येत नसत! हॉलंड अमेरिका कंपनी बरीच वर्षे "बक्षीस आवश्यक नाही" असे जाहीर करी. 'आवश्यक नाही' म्हटले होते, 'घेतले जाणार नाही' म्हटले नव्हते, हे चाणाक्षांच्या ध्यानात येईलच.

2000 साली नॉर्वेजियन कंपनीने ठरलेली टेबले मोडून ज्याला हवे तेव्हा, हवे तिथे जेवण्याची मुभा दिली. रोज वेगळा वेटर आल्यावर पाकीट द्यायचे कुणाला? तेव्हा रोजची एक रकम परस्पर खात्यावर टाकण्याची पद्धत रुळली. हॉलंड अमेरिकेने 2004 मध्ये, तर रॉयल कॅरिबियनने 2013 मध्ये तिचा स्वीकार केला. आज मोठ्या कंपन्यांत हा आकडा माणशी दिवसाला सोळा ते वीस डॉलरांच्या घरात आहे.

या पद्धतीचा एक गुण मान्य केलाच पाहिजे. जुन्या पाकिटात वाटा असे तो डोळ्यांना दिसणाऱ्याचा. तळमजल्यावर चादरी धुणारा, पहाटे भांडी घासणारा यांना प्रवासी कधी पाहतच नाही. आपोआप कापलेल्या रकमेतून त्यांनाही काही पोचते. माझ्यापुढच्या गृहस्थांनी रकम काढून टाकली, तेव्हा त्यांनी नकळत त्या न दिसणाऱ्या हातांचा घास काढला. मला खटकले होते ते हेच. शिवाय काही कंपन्यांत असा दंडक आहे, की प्रवाशाने रकम काढून टाकली असेल तर त्याने हातात दिलेले पैसेही नोकराने सामाईक पेटीत भरायचे.

पण दोष? दोष नावात आहे. जी रकम कंपनी ठरवते, कंपनी वसूल करते, कंपनी वाटते आणि कंपनीच वाढवते, तिला बक्षिसी म्हणायचे कशासाठी? तिकीट स्वस्त दिसावे आणि पगाराचा बोजा प्रवाशाच्या औदार्यावर पडावा, एवढ्यासाठीच. 2020 च्या मार्चमध्ये महामारीमुळे जगभरच्या सहलीच्या बोटी थांबल्या तेव्हा हे उघडे पडले. प्रवासी नाही, तर बक्षिसी नाही. आणि जिच्यावर घर चालत होते ती मिळकतच गेली. गोव्यातली कित्येक घरे त्या दिवसांत बंदरात अडकलेल्या मुलांची वाट पाहत होती. ब्रिटनच्या पी. अँड ओ. क्रूझेसने त्याआधीच, 2019 मध्ये, ही वेगळी रकम बंद करून ती भाड्यातच धरली. ज्या नावाच्या बोटींवर आपल्या स्टुअर्डांच्या पिढ्या बक्षिसीवर जगल्या, त्याच नावाने हे करावे, याची मला मौज वाटली.

शेवटच्या रात्री मी खात्यावरची रकम तशीच राहू दिली आणि पाकीटही त्या मुलाच्या हाती ठेवले. धीर करून विचारले, "बाबा रे, तुम्हाला यांतलं कुठलं बरं वाटतं?" तो हसला. "काका, खात्यातून येतं ते घरी जातं. हातात येतं त्याचा माणूस लक्षात राहतो." मग जरा थांबून म्हणाला, "माझा आजा पी. अँड ओ.वर होता. धोबीतलावच्या कुडात राहायचा. म्हणायचा, साहेब खूश झाला तर महिना बरा जातो. मला वाटतं, साहेब खूश झाला नाही तरी महिना बरा जायला पाहिजे."

माझ्या साऱ्या वाचनाचे सार त्या मुलाने आधीच सांगून ठेवले होते! पोट भरण्याचे पैसे पगारातून, न मागता मिळावेत, आणि पोस्त हे खरोखरीच पोस्त असावे : ते दिले नाही तर कुणाची चूल अडू नये, आणि दिले तर दोघांनाही बरे वाटावे. दोन्ही एकाच पाकिटात कोंबले, की पगाराला भिकेचे रूप येते आणि भेटीला कराचे.

आमच्या सोसायटीतही आता पहारेकऱ्यांचा दिवाळी बोनस महिन्याच्या बिलात लावून येतो. गेल्या सभेत मी सुचवले, की त्यांचा पगारच रीतसर वाढवावा. पुष्कळ वाद झाला. खर्चाचा प्रश्न निघाला, तसा तो निघायचाच. अखेर मागणीच्या निम्मी वाढ मंजूर झाली. उरलेल्या निम्म्यासाठी पुढच्या सभेत पुन्हा उभा राहणार आहे. तोवर नरकचतुर्दशीची सकाळ आहेच. त्या दिवशी सौभाग्यवती फराळाचे ताट भरतात आणि मी ते घेऊन जिना उतरतो. फाटकाशी रात्रपाळीचा पहारेकरी घरी जायच्या तयारीत असतो. ताट त्याच्या हाती देतो आणि चार शब्द बोलतो. पोस्ताचे पाकीट असते खिशात. पण ते बोलणे झाल्यावर काढायचे, हे मी परटाकडून शिकलो आहे.