संगणक जाळ्याला वेळेचे कुलूप

ठाण्यातील नौपाड्यात गोखले रस्ता, राम मारुती रस्ता परिसरातील कचेऱ्यांची शटर रात्री खाली येतात. आतला सर्व्हर मात्र अनेकदा चालूच असतो. अशा वेळी चोरलेला पासवर्ड वापरून कोणी बाहेरून शिरले, तर यंत्राला तो कर्मचारीच वाटतो. हा धोका कमी करणारा एक उपाय म्हणजे लॉग-ऑनच्या वेळेवरील निर्बंध.

विंडोज सर्व्हरच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत प्रत्येक खात्यासाठी आठवड्याच्या १६८ तासांचा तक्ता असतो. मुळात सर्वच तास खुले असतात. नको ते प्रशासकाने बंद करायचे. मग त्या वेळी अचूक पासवर्ड देऊनही प्रवेश मिळत नाही. लिनक्समध्ये हेच काम 'पॅम टाइम' हे मॉड्यूल करते.

या कुलपाला मर्यादाही आहेत. आधीच आत असलेला वापरकर्ता वेळ संपली म्हणून आपोआप बाहेर पडत नाही. त्यासाठी वेगळे धोरण लागू करावे लागते आणि तेही सर्व्हरवरील सामायिक फायलींशी असलेली जोडणी तोडते, समोरचा संगणक बंद करत नाही. जाळ्यापासून दूर असलेला लॅपटॉप साठवलेल्या ओळखीवर उघडू शकतो.

चोरांना सुट्टीचे दिवस सोयीचे असतात. बांगलादेश बँकेवरील हल्ला ४ फेब्रुवारी २०१६ रोजी, गुरुवारी रात्री, साप्ताहिक सुट्टीच्या तोंडावर झाला आणि ८ कोटी १० लाख डॉलर गेले. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर पहिला घाला ११ ऑगस्ट २०१८ रोजी, दुसऱ्या शनिवारी पडला. दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. तेथे एटीएम व्यवहारांना बनावट यंत्रणेनेच परस्पर मंजुरी दिली होती. असा हल्ला केवळ वेळेच्या तक्त्याने थांबत नाही.

म्हणून निर्बंधासोबत शिस्तही हवी. मार्चअखेर किंवा विवरणपत्रांच्या मुदतीआधी रात्रीचे काम अटळ असते. तेव्हा सवलत ठरावीक खात्यांना, ठरावीक तारखेपर्यंत आणि लेखी द्यावी. सर्वांचाच तक्ता खुला करू नये. नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे. 'सर्ट-इन'च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी संगणकीय नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. रात्री नाकारलेल्या प्रवेशाची नोंद सकाळी कोणी वाचलीच नाही, तर कुलूप असूनही राखण अपुरीच राहते.