टाळी ते टिचकी : खोट्या वाचकाचा इतिहास

एकोणिसाव्या शतकातील पॅरिसच्या नाट्यगृहांत सगळेच प्रेक्षक आपल्या हौसेने आलेले नसत. काही पगारी असत. त्यांच्या टोळीस 'क्लाक' असे नाव होते, आणि १८२० साली तर असे प्रेक्षक पुरवणारी रीतसर पेढीच त्या शहरात निघाली. कामाची वाटणी चोख होती. विनोदावर हसणारे निराळे, करुण प्रसंगी डोळ्यांना रुमाल लावणाऱ्या स्त्रिया निराळ्या, 'पुन्हा एकदा' म्हणून ओरडणारे निराळे. आणि शेजारच्याला हळूच 'आता पुढचे ऐका' असे सुचवणारे जाणकार त्याहून निराळे. संगीत नाटकांच्या 'वन्समोअर'वर पोसलेल्या मराठी रसिकास या व्यवस्थेचे हसू येईल. पण तिच्यात एक नियम दडलेला आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. टाळी हे पसंतीचे माप ठरले, म्हणून टाळीचा बाजार भरला. ज्या मापावर पैसा अवलंबून असतो ते माप फार काळ निर्मळ राहत नाही.

आज हे माप टाळीचे नसून टिचकीचे आहे. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर लेख संपतो तेथे चौकटींची एक रांग दिसते. मथळा बातमीसारखा, चित्र बातमीसारखे, पण आत जाहिरात. या मजकूरसदृश जाहिरातीस व्यवसायात 'नेटिव्ह' म्हणतात. अशा चौकटी पुरवणाऱ्या आउटब्रेन आणि टॅबूला या दोन प्रमुख कंपन्या अनुक्रमे २००६ आणि २००७ साली स्थापन झाल्या. तेथे जाहिरातदार बहुधा दर टिचकीमागे पैसे मोजतो. आणि त्या टिचक्यांपैकी किती माणसांच्या व किती यंत्रांच्या, हे ओळखण्याचे, खोट्या टिचक्या अडवण्याचे एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले आहे. हा व्यापाऱ्यांचा आपापसातला हिशेब आहे, आपल्याला त्याचे काय, असे साहित्याच्या वाचकास वाटेल. आम्हांसही तसेच वाटत असे. परंतु या हिशेबात मोजला जाणारा पदार्थ म्हणजे वाचक, आणि वाचक म्हणजे कोण याची व्याख्या त्या हिशेबात ठरत आहे.

या प्रश्नाची मुळे महाजालाच्या कितीतरी आधीची आहेत. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात वृत्तपत्रांचा खप म्हणजे मालक सांगेल तो आकडा. जॉर्ज रॉवेल या जाहिरात-व्यावसायिकाने १८६९ मध्ये वृत्तपत्रांची एक निर्देशिका काढून तीत खपाचे अंदाज छापले, तेव्हा अनेक मालकांचा रोष त्याने ओढवून घेतला. त्याच काळात दुसरी एक रीत रूढ झाली होती. पैसे घेऊन लिहिलेला मजकूर बातम्यांच्या रांगेत, बातमीच्याच अक्षरांत छापायचा. म्हणजे एकीकडे जाहिरातदारास नसलेला वाचक विकायचा आणि दुसरीकडे असलेल्या वाचकास जाहिरात ही बातमी म्हणून द्यायची. या दोन लबाड्या वरवर वेगळ्या दिसतात. त्या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत हे १९१२ साली अमेरिकी काँग्रेसने ओळखले. त्या वर्षीच्या टपालविषयक कायद्यात दैनिकांनी आपला खप वर्षातून दोनदा शपथेवर जाहीर करावा असे एक कलम होते, आणि पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' हा शब्द स्पष्टपणे घालावा, न घातल्यास ५० ते ५०० डॉलर दंड, असेही होते. मुद्रणस्वातंत्र्याच्या नावाने प्रकाशक न्यायालयात गेले. १९१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. पाठोपाठ १९१४ मध्ये जाहिरातदार, संस्था व प्रकाशक यांनी मिळून खपाची तपासणी करणारी 'ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स' स्थापन केली. त्याच नावाची भारतीय संस्था १९४८ साली निघाली. तिचे कार्यालय मुंबईतच आहे.

तपासणी आली म्हणून खोटा वाचक नाहीसा झाला नाही. २००४ साली 'न्यूजडे' आणि 'शिकागो सन-टाइम्स' या नामांकित अमेरिकी पत्रांना खपाचे आकडे फुगवल्याचे मान्य करावे लागले. दुसऱ्या बाजूची लबाडी तर आपल्या अंगणातच घडली. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उमेदवारांची स्तुती करणारा मजकूर पानेच्या पाने बातमी म्हणून छापून आला. एकच मजकूर शब्दशः, परस्परांच्या प्रतिस्पर्धी दैनिकांत. पी. साईनाथ यांनी तो उघडकीस आणला, आणि 'पेड न्यूज' हा शब्द मराठी घरांत रुळला. नेटिव्ह जाहिरातीचे ते आपले देशी रूप होते, फक्त टिचकी तेवढी नव्हती.

आता टिचकीकडे वळू. ऑक्टोबर १९९४ मध्ये 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर पहिल्या फलक-जाहिराती झळकल्या. १९९८ मध्ये 'गोटू डॉट कॉम'ने शोधशब्दांचा लिलाव मांडला. जाहिरात दाखवण्याचे पैसे नकोत, कोणी टिचकी मारली तरच द्या. २००२ मध्ये गूगलने हीच रीत स्वीकारली आणि पुढल्याच वर्षी ती इतरांच्या संकेतस्थळांवरही नेली. या रीतीचे आकर्षण उघड होते. छापील पत्राचा वाचक जाहिरात पाहतो की नाही हे कोणालाच कळत नसे. टिचकी मात्र पुरावा होती. खपाच्या शतकभराच्या वादाचा जणू निकाल लागला, असे त्या वेळी अनेकांना वाटले.

निकाल कसला, वाद नव्या जागी गेला एवढेच. खोट्या टिचकीची दोन कारणे आरंभापासूनच होती. प्रतिस्पर्ध्याचा जाहिरातखर्च फुकट घालवण्यासाठी त्याच्या जाहिरातीवर टिचक्या मारायच्या, हे पहिले. आपल्याच पानावरील जाहिरातींवर टिचक्या मारून आपला वाटा वाढवायचा, हे दुसरे. २००४ च्या मे महिन्यात 'टाइम्स ऑफ इंडिया'ने एक वृत्त छापले. भारतातील शहरांत गृहिणी, विद्यार्थी, नोकरदार घरबसल्या दिवसाकाठी ठरावीक जाहिराती उघडून महिन्याला शे-दोनशे डॉलर मिळवीत होते. पॅरिसची ती पेढी अशा रीतीने आपल्या दिवाणखान्यात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस गूगलच्या वित्तप्रमुखांनी हा प्रकार कंपनीच्या व्यवसायपद्धतीलाच धोका असल्याचे जाहीरपणे म्हटले.

२००५ मध्ये आर्कान्सा राज्यातील न्यायालयात 'लेन्स गिफ्ट्स' या एका भेटवस्तूंच्या दुकानाने गूगल व इतर कंपन्यांवर दावा लावला. आमच्याकडून खोट्या टिचक्यांचे पैसे घेतले, अशी तक्रार. २००६ मध्ये गूगलने ९ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली. त्या प्रकरणात अलेक्झांडर तुझिलिन या प्राध्यापकांनी गूगलच्या तपासयंत्रणेचा जो अहवाल दिला, तो आमच्या मते या इतिहासातील सर्वांत विचारप्रवर्तक दस्तऐवज आहे. गूगलचे प्रयत्न वाजवी आहेत असा त्यांचा निष्कर्ष. पण तिथवर जाताना त्यांनी एक अडचण स्वच्छ मांडली. टिचकी खरी की खोटी हे मारणाऱ्याच्या हेतूवर ठरते, आणि हेतू यंत्रास दिसत नाही. यंत्रास दिसते ते एवढेच: कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता, किती वेळा. साधे उदाहरण घ्यावे. एखादा वाचक सवयीने जाहिरातीवर लागोपाठ दोनदा टिचकी मारतो. दुसरी टिचकी खरी की खोटी? २००५ पर्यंत तिचेही पैसे लागत. मग धोरण बदलले आणि ती अवैध ठरली. वाचक तोच, बोट तेच, हेतूही तोच. बदलला तो केवळ नियम.

पुढल्या काळात माणसांची जागा यंत्रांनी घेतली. २००६ मध्ये 'क्लिकबॉट-ए' नावाचा आज्ञाप्रणालीचा तुकडा सुमारे एक लाख संगणकांत शिरला. प्रत्येक संगणक अगदी थोड्या टिचक्या मारी, म्हणून कोणाला संशय येत नसे. २०११ मध्ये एस्तोनियातील एक टोळी पकडली गेली. तिने शंभरावर देशांतील ४० लाखांहून अधिक संगणक आपल्या कह्यात घेऊन किमान १ कोटी ४० लाख डॉलर मिळवले होते. २०१६ साली उजेडात आलेल्या 'मेथबॉट'ने तर परक्यांचे संगणक वापरण्याचीही गरज ठेवली नाही. भाड्याच्या सर्व्हरांवर खोटी संकेतस्थळे आणि खोटे प्रेक्षक दोन्ही निर्माण केले. हे प्रेक्षक माणसासारखा माउस हलवीत आणि समाजमाध्यमांवर हजेरी लावल्याचा बहाणाही करीत. क्लाकमधील ती रुमाल लावणारी स्त्री येथे पुन्हा भेटते, फक्त तिला आता डोळे नाहीत. या टोळीच्या सूत्रधारास २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

येथे एक आकडा थांबून पाहण्याजोगा आहे. मेथबॉट शोधून काढणाऱ्या सुरक्षा-कंपनीने २०१६ मध्ये त्याची कमाई दिवसाला ३० ते ५० लाख डॉलर असल्याचा अंदाज वर्तवला होता. न्यायालयात सरकारपक्षाने मांडलेला आकडा मात्र सबंध कटाचा मिळून ७० लाखांहून काहीसा अधिक, असा होता. आम्ही कोणावर अप्रामाणिकपणाचा आरोप करीत नाही. पण चोरी शोधण्याची विद्या विकणाऱ्यास चोरी मोठी दिसणे स्वाभाविक आहे. खोट्या वाचकाचा बाजार असतो तसा खोट्या वाचकाच्या भीतीचाही असतो.

नेटिव्ह जाहिरातीत हा गुंता अधिकच घट्ट होतो. पारंपरिक जाहिरात निदान जाहिरात म्हणून ओळखू येते. जिचे सारे कौशल्य बातमीसारखे दिसण्यात आहे, तिच्यावर पडणाऱ्या टिचक्यांत काही फसगतीच्या असणारच. वाचक बातमी समजून आत जातो आणि दोन क्षणांत परततो. हिशेबात ती टिचकी वैध ठरते, कारण मारणारा माणूस आहे. दुसरा प्रकार दलालीचा. स्वस्त टिचक्या विकत घ्यायच्या, वाचकास जाहिरातींनी खचाखच भरलेल्या पानावर आणायचे आणि तेथल्या जाहिराती महाग विकायच्या. अशा केवळ जाहिरातींसाठी निर्माण केलेल्या संकेतस्थळांवर सुमारे १५ टक्के खर्च जातो, असे अमेरिकी जाहिरातदारांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ मध्ये आपल्या पाहणीत नोंदवले.

यावरचे उपाय दोन पायऱ्यांचे आहेत, आणि २०१५ पासून मापनाच्या मानकांतही ते तसेच विभागले आहेत. पहिली पायरी सोपी. ज्ञात यंत्रांची व सर्व्हर-केंद्रांच्या पत्त्यांची यादी ठेवायची आणि तेथून आलेले सारे वगळायचे. दुसरी अवघड. वागणुकीवरून ओळखायचे. पान उघडल्यावर ते वर सरकले का, किती वेळ उघडे राहिले, टिचक्यांचे अंतर घड्याळासारखे नेमके आहे का, भरपूर टिचक्यांतून एकही खरेदी का झाली नाही. ज्या संकेतस्थळावरून अशा संशयास्पद टिचक्या येतात, त्याचा क्रमांक जाहिरातदार वगळतो. २०१७ मध्ये 'ॲड्स डॉट टीएक्सटी' ही युक्ती आली: आपली जागा विकण्याचा अधिकार कोणास आहे याची यादी प्रकाशकानेच आपल्या संकेतस्थळावर जाहीर करायची. रॉवेलची निर्देशिका आणि १९१२ चे शपथपत्र यांचाच हा वंशज.

परंतु प्रत्येक चाळणीतून काही खरे धान्यही खाली पडते. भारतात मोबाइलवरून वाचणारी हजारो माणसे दूरसंचार कंपनीच्या एकाच सामाईक पत्त्यामागे असतात. न्यूयॉर्कमधील यंत्रास ती एकच अतिउत्साही व्यक्ती वाटू शकते. आणि एक अनुभव आमचा स्वतःचा. आमच्या परिचयातील एक गृहस्थ जुन्या ग्रंथांविषयी टिपणे लिहिणारे छोटेसे संकेतस्थळ पदरमोड करून चालवीत. खर्च निघावा म्हणून त्यांनी जाहिराती घेतल्या. आम्हां मित्रमंडळींनी आपुलकीपोटी रोज एक-दोन टिचक्या मारण्याचा परिपाठ ठेवला. काही महिन्यांतच 'अवैध टिचक्या' एवढेच कारण देऊन त्यांचे खाते बंद झाले. साठलेली रक्कमही गेली. पुढे संकेतस्थळही मिटले.

आम्ही पुष्कळ दिवस त्या यंत्रणेस बोल लावला. आज वाटते, तिचा निर्णय बरोबर होता. आम्ही खरी माणसे होतो, पण आमच्या टिचक्या खोट्याच होत्या. मैत्रीखातर का होईना, आम्ही क्लाकमध्ये बसलो होतो. चूक होती ती अन्यत्र. ती टिपणे आम्ही मनापासून, कधी दोनदोनदा वाचत होतो, आणि त्या वाचनाची नोंद कोणत्याच हिशेबात नव्हती. जे खोटे होते ते मोजले गेले आणि पकडलेही गेले. जे खरे होते ते कधी मोजलेच गेले नाही.

दोनशे वर्षांच्या या इतिहासातून आम्हांस एवढेच दिसते. खोटी टिचकी अडवणे आवश्यक आहे. ते न केल्यास प्रामाणिक प्रकाशकाच्या तोंडचा घास लबाड पळवतो. पण यंत्र फार तर एवढे सांगेल की पडद्यासमोर कोणी माणूस होता. तो वाचत होता का, हा प्रश्न १९१२ च्या शपथपत्रात नव्हता आणि आजच्या चाळणीतही नाही. तो विचारण्याचे काम, फार पूर्वीपासून, लिहिणाऱ्याचे आहे.