एक गुलाब, चार नावं

अंगणातल्या गुलाबाला आपण लाल गुलाब, पिवळा गुलाब एवढंच म्हणतो. आज आम्ही ज्या गुलाबाची गोष्ट सांगणार आहोत, त्याला मात्र चार देशांत चार नावं मिळाली.

फ्रान्समध्ये लिऑन शहराजवळ मेयाँ कुटुंबाची गुलाबाची रोपवाटिका होती. घरातला मुलगा फ्रान्सिस याने 1935 साली संकर करून काही नवी रोपं केली. त्यातल्या एकाला मोठं, फिकट पिवळं, कडेला गुलाबी झाक असलेलं फूल आलं. एका फुलाला चाळीसच्या वर पाकळ्या!

हा हायब्रिड टी जातीचा गुलाब. त्याचं बी लावलं तर तसंच झाड येत नाही. खुंटावर डोळा भरूनच तो वाढवावा लागतो. ज्यांनी डोळा भरला आहे त्यांना माहीत आहे, हातभर काडीत कितीतरी झाडं असतात.

दुसरं महायुद्ध तोंडावर आलं, तेव्हा फ्रान्सिसने अशा काड्या जर्मनी, इटली आणि अमेरिकेला पाठवल्या. मग युद्ध पेटलं, पत्रव्यवहार तुटला. काड्या जगल्या की वाळल्या, त्याला कळेना. पण प्रत्येक ठिकाणी झाड जगलं. एकमेकांना विचारायची सोय नव्हती, म्हणून ज्याने त्याने आपापलं नाव ठेवलं. जर्मनीत ‘ग्लोरिया देई’ म्हणजे देवाचा महिमा, इटलीत ‘जोया’ म्हणजे आनंद. अमेरिकेत 29 एप्रिल 1945 रोजी, युरोपातलं युद्ध संपत आलेलं असताना, त्याचं नाव ठेवलं ‘पीस’, म्हणजे शांती. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठी सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या देशांच्या प्रतिनिधींना हे एकेक फूल देण्यात आलं.

आणि फ्रान्समध्ये? तिथे फ्रान्सिसने आपल्या दिवंगत आईची आठवण म्हणून नाव दिलं, ‘मादाम ए. मेयाँ’. आईचं नाव होतं क्लाउडिया. मग ‘ए’ कुठून आला? तो वडिलांच्या आंत्वान या नावाचा. तेव्हाची रीतच तशी होती. आईच्या आठवणीचं फूल, पण त्यावर तिचं स्वतःचं नाव नाही.

हा गुलाब आजही लावला जातो. झाड जोमदार, पानं गर्द हिरवी, चकचकीत. वास मात्र मंद. फार खोल छाटणी त्याला मानवत नाही. पानांवर काळे ठिपके पडू शकतात, म्हणून पाणी मुळाशी घालावं, पानं भिजवू नयेत.

मैत्रिणींनो, चांगलं वाण एकाच अंगणात ठेवू नये, चार घरी द्यावं. एकीकडचं गेलं तरी दुसरीकडे राहतं. आणि देताना ते कुणाकडून आलं, त्या बाईचं नावही सांगावं. तिचं स्वतःचं नाव.