शस्त्रक्रियेनंतरचा पहारा

१९२४ सालच्या जानेवारीच्या १२ तारखेस रात्रीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छावर तातडीची शस्त्रक्रिया झाली. येरवड्याच्या तुरुंगांतून आणलेल्या या बंदिवानावर कर्नल मॅडॉक शस्त्र चालवीत असतां विजेचे दिवे गेले, आणि उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत पुरें करावें लागलें. कंदिलाची ही हकीकत सर्वश्रुत आहे. तिच्या पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. शस्त्रक्रिया पार पडली, तरी जखमेपाशीं गळू झालें आणि प्रकृति सुधारण्यास अपेक्षेहून अधिक दिवस लागले. ५ फेब्रुवारीस सरकारनें त्यांची सुटका केली. तरीहि कांहीं आठवडे त्यांना ससूनमध्येंच राहावें लागलें.

पेनिसिलिनचा शोध १९२८ सालचा. तेव्हां १९२४ सालीं अशा रोग्याचा मुख्य आधार म्हणजे डोळ्यांत तेल घालून केलेला पहारा: नाडी व ताप पाहणारी परिचारिका, आणि तिची हाक ऐकून धांवून येणारा शल्यवैद्य. गांधीजींच्या खाटेकडे तर साऱ्या देशाचे डोळे लागलेले होते. परंतु सोनईसारख्या गांवाहून पोटदुखीनें तळमळत शहरांत आणलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या खाटेकडे मध्यरात्रीं कोण पाहणार?

हा प्रश्न वैद्यकानें फार सावकाश हातीं घेतला. शस्त्रक्रियागृहालगतच्या ज्या खोलींत रोगी सावध होईपर्यंत ठेवीत, तिचा उल्लेख फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८६३ सालींच केला होता. पण रोगी त्या खोलींतून आपल्या खाटेवर गेला कीं पहारा सैल पडे. १९९० च्या सुमारास ऑस्ट्रेलियांत सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयानें एक पथक सिद्ध केलें. ठराविक लक्षणें दिसतांच परिचारिकेनें वरिष्ठांची वाट न पाहतां त्यास थेट बोलवावें, असा नियम झाला. पुढें इंग्लंडांत नाडी, श्वास, रक्तदाब, ताप व शुद्धि यांस गुण देऊन त्यांची बेरीज करण्याची रीत निघाली. २०१२ सालीं रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनें तिचें राष्ट्रीय पत्रक काढलें. बेरीज वाढली कीं वैद्यास बोलवावयाचें. मग संकोचास जागाच उरत नाहीं.

याचें महत्त्व २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासानें आंकड्यांनीं दाखविलें. त्यांत ८४,७३० रोग्यांची पाहणी होती. सर्वांत कमी व सर्वांत अधिक मृत्यु होणाऱ्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतरच्या उपद्रवांचें प्रमाण जवळजवळ सारखेंच आढळलें. परंतु गंभीर उपद्रव झालेल्यांपैकीं पहिल्या वर्गांत शेंकडा १२.५ दगावले, तर दुसऱ्यांत २१.४. संकट दोन्हींकडे सारखेंच आलें. तें ओळखून निवारण्यांत अंतर पडलें.

आपल्याकडे रोग्याच्या उशाशीं घरचें माणूस बसतें. ‘यांचा श्वास बदलला आहे’, हें अनेकदां त्यासच प्रथम कळतें. पण तें कोणास सांगावें, हें त्यास ठाऊक नसतें. इंग्लंडांतील रुग्णालयांत २०२४ पासून नातेवाइकांनाहि दुसऱ्या वैद्यपथकाची तातडीची तपासणी मागण्याची मुभा मिळूं लागली. या सोयीस मोठी यंत्रें लागत नाहींत. एक तक्ता, एक घंटा, आणि ती वाजतांच कोणी यावयाचें याचा आधीं ठरलेला नियम पुरे. ससूनच्या त्या खाटेस जो पहारा थोरवीमुळें लाभला, तो सोनईच्या शेतकऱ्यास नियमानें लाभला पाहिजे.